एआयला विचारताना हिशोबाची वही जवळ ठेवा

अलीकडे ज्या ज्या गटांशी आमचं बोलणं झालं, तिथे एक प्रश्न हमखास निघाला. "मोबाईलवरचं ते एआय म्हणे जाहिरात लिहून देतं. आपल्या मालासाठी वापरून बघावं का?" वापरून बघावं, असंच आमचं म्हणणं आहे. पण जाहिरात लिहून घेणं हा त्याचा सगळ्यात लहान उपयोग झाला. माल विकला जावा, पैसे हातात यावेत आणि हातात आलेल्या पैशांतून आपली मजुरी सुटावी, या तिन्ही ठिकाणी त्याची मदत होऊ शकते. आज त्याबद्दलच बोलू.

मोठ्या कंपन्यांत विक्रीची माणसं वेगळी असतात. कोणी गिऱ्हाईक शोधतं, कोणी भाव ठरवतं, कोणी वसुलीमागे असतं. आपल्या गटात हीच कामं चार-पाच जणी करतात, आणि तीही भाकरी-धुणं, रान, जनावरं सांभाळून. एक जण आठवडी बाजारात बसते, एक दुकानदारांना फोन करते, एक वही लिहिते. त्या कंपन्यांतली माणसं आता एआयकडून पत्रं लिहून घेतात, हिशोब तपासून घेतात, बोलणी करायचा सराव करतात. ते साधन आपल्याही फोनवर आहे. चॅटजीपीटी 2022 च्या नोव्हेंबरात आलं. गुगलचं जेमिनी 2024 पासून मराठीत वापरता येतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही मेटा एआय आलं आहे. सुरुवातीला यातलं कुठलंही चालेल, आणि त्यासाठी पैसे भरायची गरज नाही. कोणी फोन करून "एआय शिकवतो, आधी हजार रुपये पाठवा" म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

एआयला आपण जे काम सांगतो त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी आहे. पोराला दुकानात पाठवताना "सामान घेऊन ये" एवढंच सांगितलं तर तो काय आणेल? तेच "पाव किलो गूळ आण, चिकीचा नको, पिवळा बघून घे, आणि उरलेल्या पैशाची काडेपेटी आण" असं सांगितलं, तर हवं ते घरी येतं. हे यंत्रही त्या पोरासारखंच. त्याने जगभरचं लिखाण वाचलेलं आहे, त्यामुळे शब्दाला शब्द जोडून ते झरझर लिहितं. पण तुमचं गाव, तुमची चटणी, तुमचा दुकानदार त्याला माहीत नाही. जे तुम्ही सांगत नाही ते ते स्वतःच्या मनाने भरून टाकतं, आणि भरलंय हे सांगतही नाही.

एक उदाहरण घेऊ. एक गट शेंगदाण्याची चटणी करतो असं समजा. 200 ग्रॅमचं पाकीट, भाव 50 रुपये. गटातल्या एकीने फोनवर विचारलं, "शेंगदाणा चटणीची जाहिरात लिहून दे." उत्तर असं काहीतरी येतं: "स्वर्गीय चवीचा अद्भुत अनुभव! शंभर टक्के सेंद्रिय, हृदयविकार आणि मधुमेहावर गुणकारी, आजच ऑर्डर करा!" वाचायला झकास वाटतं. पण यातली एकही गोष्ट गटाने सांगितलेली नाही. सेंद्रिय कुठून आलं? मधुमेह कुठून आला?

इथे जरा थांबू या, कारण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खाण्याच्या मालाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत किंवा पाकिटावर करता येत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे, आणि त्याच्या कलम 53 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "सेंद्रिय" हा शब्द पाकिटावर छापायचा तर त्याच्यामागे प्रमाणपत्र असावं लागतं. यंत्राने लिहिलं होतं, आम्ही नुसतं पुढे पाठवलं, हे उत्तर कुठल्याही अधिकाऱ्यापुढे चालत नाही. पाकिटावर नाव आणि नोंदणीचा 14 अंकी क्रमांक आपला असतो.

म्हणून सांगताना नीट सांगायचं. तीच मागणी अशी करून बघा:

"आम्ही दहा जणींचा बचत गट आहोत. शेंगदाण्याची चटणी करतो. शेंगदाणे आमच्याच शिवारातले, भाजून, लसूण-तिखट घालून उखळात कांडतो. वरून तेल घालत नाही. 200 ग्रॅमचं पाकीट आहे. तालुक्याच्या गावात नोकरी करणाऱ्या बायकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला मेसेज लिही. पाच ओळींपेक्षा मोठा नको. साधं, बोलतो तसं मराठी लिही. मी सांगितलेलं सोडून काही घालू नकोस. सेंद्रिय, आरोग्यदायी, रोगावर गुणकारी असे शब्द नकोत. काही माहिती कमी पडत असेल तर आधी मला विचार."

शेवटचं वाक्य सोडू नका. ते लिहिलं की यंत्र बऱ्याचदा उलट विचारतं: किंमत किती? घरपोच देता का? चटणी किती दिवस टिकते? हे प्रश्न गिऱ्हाईकही विचारणारच असतं. गटात त्यांची उत्तरं पक्की नसतील, तर निदान तेवढं तरी त्यातून कळतं. मात्र टिकण्याचे दिवस यंत्राला ठरवू देऊ नका. ते "सहा महिने" असं बिनधास्त लिहून मोकळं होईल. आपली चटणी किती दिवस टिकते हे पाकिटं ठेवून, दर आठवड्याला एक उघडून, आणि जमेल तर प्रयोगशाळेत तपासूनच कळतं.

भाषेबद्दलही एक सांगायला हवं. यंत्राचं मराठी बरंचसं पुस्तकी असतं, मधूनच हिंदी वळणाचं होतं. "आमच्या बोलीत लिही" म्हटलं तर नाटकातल्या गावकऱ्यासारखं काहीतरी लिहितं. तेव्हा मेसेज आला की एकीने तो मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते तो शब्द काढून आपला घालावा. लिहायचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर माईकची खूण असते, ती दाबून बोलता येतं. पण आकडे बोललात तर डोळ्यांनी तपासा. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे असे शब्द फोन कधी कधी भलतेच ऐकतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. भाव.

ही चटणी 50 रुपयांना विकून गटाला काय उरतं? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "पाच-सहा रुपये सुटतात." कसं, ते बघू. इथले आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या बाजाराचे तुम्ही घाला. एका घाण्याला 10 किलो शेंगदाणे 1300 रुपयांचे, लसूण 150, तिखट 240, मीठ-जिरं 60, सरपण आणि गॅस 120, कांडपाचा खर्च 100, पाकिटं आणि लेबल 250. बेरीज 2220. पाकिटं भरली 50. म्हणजे पाकिटामागे 44 रुपये 40 पैसे. 50 ला विकलं, साडेपाच रुपये सुटले. हिशोब बरोबर दिसतो ना?

हाच हिशोब एआयपुढे असा ठेवा:

"खाली आमच्या एका घाण्याचा खर्च लिहिला आहे. 50 पाकिटं झाली. यात कोणता खर्च धरायचा राहिला आहे ते आम्हाला एकेक करून विचार. भाव लगेच सांगू नकोस. सगळी उत्तरं मिळाल्यावर पाकिटामागचा खर्च पायरी-पायरीने मांडून दाखव."

ते विचारेल, मजुरी धरली का? बाजारात न्यायचा प्रवास धरला का? आणि इथेच बैठक गप्प होते. चार जणींनी अर्धा-अर्धा दिवस काम केलं. दिवसाची मजुरी 300 धरली तर अर्ध्या दिवसाचे 150, चौघींचे 600. बाजाराचं जाणं-येणं 180. आता बेरीज 3000. पाकिटामागे 60 रुपये. म्हणजे 50 ला विकताना दर पाकिटामागे 10 रुपये आपण आपल्या खिशातून घालत होतो. ते दिसत नव्हते, कारण ते आपल्या अंगमेहनतीचे होते.

"घरचंच तर काम आहे, त्याची कसली मजुरी?" असं म्हणणारी एखादी असतेच. आम्हाला ते पटत नाही. लिज्जत पापड 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला. तिथे पापड लाटणाऱ्या बाईला लाटलेल्या किलोवर मजुरी मिळते. मजुरी हा तिथे खर्च आहे, उरलंसुरलं वाटून घेणं नाही. रानात दुसऱ्याच्या बांधावर गेलं तर रोजगार मागतो, मग आपल्याच गटाच्या उखळाशी बसल्यावर का मागू नये?

पुढचा प्रश्न दुकानदाराचा. तो म्हणतो, "पाकिटावर 80 रुपये छापा, मला 20 टक्के सोडा, आणि न खपलेला माल परत घ्या." बरं वाटतं, 80 म्हणजे 50 पेक्षा कितीतरी जास्त. पण 80 चे 20 टक्के म्हणजे 16 रुपये त्याचे. आपल्या हाती 64, खर्च 60, उरले 4. आणि परत आलेल्या पाकिटांचं काय? एआयला विचारा, "50 पाकिटांतली किती परत आली तर आम्हाला तोटा होईल?" 47 विकली गेली तर 3008 रुपये येतात, म्हणजे खर्च जेमतेम निघाला. 46 विकली गेली तर 2944. म्हणजे तीनपेक्षा जास्त पाकिटं परत आली की आपण तोट्यात. हे कळलं, की दुकानदारापुढे बोलताना बळ येतं. "20 टक्के घ्या, पण परतीचा माल घेणार नाही," किंवा "परतीचा माल घेऊ, पण 15 टक्केच देऊ," असं म्हणता येतं. 15 टक्क्यांनी आपल्या हाती 68 येतात आणि 45 पाकिटं विकली तरी खर्च निघतो.

एआयला गणित येतं, पण ते चुकतंही. आणि चुकलेलं उत्तर बरोबर उत्तरासारख्याच खात्रीने देतं. म्हणून "पायरी-पायरीने मांड" असं सांगायचं, आणि बेरीज फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर दुसरीने करून बघायची. आजचा शेंगदाण्याचा भाव तर त्याला विचारूच नका. तो बाजार समितीत किंवा दुकानात विचारायचा आणि यंत्राला आपण सांगायचा.

माल गेला, पैसे राहिले, ही पुढची डोकेदुखी. गटाची उधारी अडकते ती बहुतेक ओळखीच्याच माणसाकडे. तोंडावर मागायला जीभ रेटत नाही, आणि रागाने मागितलं तर नातं बिघडतं. इथे लिहिलेला मेसेज कामाचा. मागणी अशी करता येईल:

"एका किराणा दुकानदाराकडे आमच्या 40 पाकिटांचे 2560 रुपये येणे आहेत. माल 5 तारखेला दिला. पंधरा दिवसांत पैसे द्यायचं ठरलं होतं, आता महिना झाला. ते गावातलेच आहेत, आमच्या एका सदस्येचे दीर लागतात. संबंध राखायचे आहेत. पुढच्या आठवड्यात गटाचा बँकेचा हप्ता आहे म्हणून शनिवारपर्यंत पैसे हवेत. दादा म्हणून चार ओळींत मेसेज लिही. विनंती असू दे, पण लाचारी नको आणि धमकीही नको."

उत्तर साधारण असं येईल: "दादा, नमस्कार. 5 तारखेला दिलेल्या 40 पाकिटांचे 2560 रुपये अजून यायचे आहेत. पंधरा दिवसांचं ठरलं होतं, आता महिना झाला. पुढच्या आठवड्यात गटाचा बँकेचा हप्ता आहे, तेव्हा शनिवारपर्यंत पैसे दिलेत तर सोयीचं होईल. पैसे मिळाले की पुढचा माल लगेच पोचवतो."

मेसेज चांगला आहे. पण पाठवण्याआधी दोन गोष्टींवर गटात बोला. हप्त्याची गोष्ट दुकानदाराला सांगायची का? काही गट म्हणतील, आपली अडचण कशाला दाखवायची, आणि ती ओळ काढतील. त्यात चूक काही नाही. दुसरं, शेवटच्या ओळीत एक अट दडलेली आहे: पैसे आले तरच माल. ती पाळायची तयारी आहे का? नसेल तर ती ओळ लिहूच नका. यंत्राला शब्द जुळवता येतात, पण त्या दुकानदाराच्या समोरून रोज पाण्याला जायचं असतं ते आपल्याला.

आता सरावाची गोष्ट, आणि आमच्या मते ही सगळ्यात मजेची. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात पहिल्यांदा जाणारी बाई माल छान मांडते, पण गिऱ्हाईक बोलू लागलं की गडबडते. गावात बसून त्याचा सराव करता येतो. यंत्राला सांगा, "तू मुंबईच्या प्रदर्शनात आलेली गिऱ्हाईक हो. मी चटणी विकते. घासाघीस कर, शंका काढ. एका वेळी एकच प्रश्न विचार आणि माझ्या उत्तराची वाट बघ. दहा प्रश्न झाले की मी कुठे कमी पडले ते सांग." मग ते विचारतं, "दुकानात तर याहून स्वस्त मिळते, तुमची का घेऊ?" "चार घेतली तर किती कमी कराल?" "यात साखर आहे का?" एकीने फोन धरावा, दुसरीने उत्तर द्यावं, बाकीच्यांनी ऐकावं. आणि बैठकीत हसू फुटतं, हेही काही कमी नाही. घासाघिशीत किती खाली यायचं हे मात्र आधीच ठरलेलं हवं. पाकिटामागे 60 खर्च असताना 55 ला "हो" म्हणणारा हात मागे ओढायला कोणीतरी शेजारी बसलेलं बरं.

यंत्राला काय सांगू नये, तेही ऐका. सदस्यांचे आधार क्रमांक, पासबुकाचे फोटो, ओटीपी, गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबरांची यादी यातलं काहीही तिथे घालायचं नाही. लोकांची खासगी माहिती जपण्यासाठी 2023 मध्ये देशात कायदाही झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बाईने विश्वासाने नंबर दिला तिला न विचारता तो कुठेही टाकणं बरं नाही. हिशोब विचारायला नावं लागतच नाहीत. "दुकानदार एक", "दुकानदार दोन" असं लिहिलं तरी काम होतं. वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा असेल तर आधी नावांवर कागद ठेवा.

अजून एक अडचण प्रत्येक गावात आहे: फोन कोणाचा? बऱ्याचदा मुलाचा किंवा नवऱ्याचा. मग गटाचा सगळा हिशोब, कोणाकडे किती येणे आहे ते, त्या फोनवर राहतो. विचारून झालं की ती बोलणी खोडून टाकता येतात, ते शिकून घ्या. आणि एकच शिकलेली सून सगळं करते अशी पाळी येऊ देऊ नका. ती बाळंतपणाला माहेरी गेली की विक्री थांबायला नको. दर महिन्याला दुसरी जण फोन हातात घेईल असं बैठकीत ठरवून घ्या. वाचता न येणारी सदस्यसुद्धा बोलून विचारू शकते आणि उत्तर मोठ्याने ऐकू शकते.

ज्या मागणीला चांगलं उत्तर आलं, ती मागणी इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानांवर जशीच्या तशी उतरवून ठेवा. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी असोत, उन्हाळ्यात पापड-कुरडया असोत, माल आणि आकडे बदलले की तीच मागणी पुन्हा चालते. कंपन्याही हेच करतात, त्यांची वही संगणकात असते एवढंच.

पुढच्या बैठकीला येताना मागच्या घाण्याच्या पावत्या आणा, आणि गाळलेल्या जागा भरून एवढं विचारा:

"आम्ही ____ करतो. मागच्या घाण्यात ____ नग झाले. कच्च्या मालाचा खर्च ____, सरपण-वीज ____, पॅकिंग ____. कामाला ____ जणी, प्रत्येकी ____ तास. आमच्याकडे दिवसाची मजुरी ____. प्रवास ____. सध्या आम्ही ____ रुपयांना विकतो. काही राहिलं असेल तर आधी विचार. मग एका नगाचा खर्च पायरी-पायरीने मांड."

पुढच्या भागात पाकिटावरच्या लेबलबद्दल बोलू. तुमच्या मालाचं एक रिकामं पाकीट जपून ठेवा, ऐकताना समोर लागेल.